तिथीचा वाढदिवस

माझ्या मुलीचे लहानपणी वर्षाला दोन वाढदिवस व्हायचे. एक तारखेचा. तो डिसेंबरात ठरल्या दिवशी फुगे आणि केक घेऊन हजर व्हायचा. दुसरा तिथीचा, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीचा. त्याचं काही खरं नसे. कधी तो तारखेच्या आधीच येऊन जायचा, कधी पार्टी होऊन भिंतीवरचे फुगे सुरकुतल्यावर उगवायचा. लहानपणी तिची समजूत होती की हा दुसरा वाढदिवस मुलुंडच्या डोंगरापलीकडे कुठेतरी भटकत असतो आणि आपली आठवण झाली की उतरून येतो. मी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही. मलाही ती आवडायची.

हा वाढदिवस सोबत घेऊन यायची ती माझी मोठी बहीण, म्हणजे मुलीची आत्या. मी तिला ताई म्हणतो, माझी बायकोही ताईच म्हणते. ती विक्रोळीला राहते, खाडीच्या बाजूला, जिथून गच्चीवर उभं राहिलं की तिवरांचा हिरवा पट्टा दिसतो. आमची आई लवकर गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताईने कारखान्यात नोकरी धरली, माझं शिक्षण केलं, आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. याबद्दल ती कधी बोलली नाही. मी विषय काढला तर म्हणायची, "बरं झालं रे, एक सासू वाचली माझ्या हातून."

ती तिथीला का यायची, ते सांगायचं तर आधी आमच्या इमारतीतल्या पार्ट्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे मुलांच्या वाढदिवसाचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण ते मोडायची कुणाची छाती नाही. पाहुण्याने दारात गिफ्ट पुढे करताना "छोटंसंच आहे" म्हणायचं, मग ते खोकं दाराच्या चौकटीत मावत नसलं तरी. घेणाऱ्याने "अहो, कशाला आणलंत?" म्हणायचं आणि तोवर हात पुढे झालेला असायचा. पाहुण्यांचं पोर बहुतेक वेळा गिफ्ट सोडायला तयार नसे. वाटेत ते त्याने इतका वेळ छातीशी धरलेलं असे की आता ते आपलंच, असं त्याच्या मनाने घेतलेलं असे. मग त्याची आई हसऱ्या चेहऱ्याने त्याची बोटं एकेक करून सोडवायची. गिफ्ट आतल्या खोलीतल्या पलंगावर जायचं. तिथे चमकत्या कागदांचा ढीग वाढत राहायचा आणि शेवटचा पाहुणा गेल्याखेरीज त्याला कुणी हात लावायचा नाही. तो शेवटचा पाहुणाही लवकर हलत नसे. पोरांना रिटर्न गिफ्ट मिळेपर्यंत चपला घालूनही पाय निघत नसत.

माझी बायको या नियमांची पक्की. तिच्याकडे कारणही होतं. तळमजल्यावरच्या एका मुलाने आपल्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर एक गिफ्ट फोडलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "हे तर माझ्याकडे दोन आहेत!" देणारी बाई समोरच समोसा खात होती. त्यानंतर दोन्ही घरांत लिफ्टमधलं हसणंसुद्धा बंद झालं. तेव्हापासून बायको म्हणायची, "गिफ्ट म्हणजे झाकली मूठ. पाहुण्यांदेखत उघडायचं नाही म्हणजे नाही."

मुलगी पाच वर्षांची झाली त्या पार्टीला ताई आली. तिने आणलेलं गिफ्ट खाकी कागदात बांधलेलं होतं. चिकटपट्टी नाही, चमकी नाही. कागदाच्या कडा एकमेकांत खोचलेल्या, वरून सुतळी आणि सुतळीला तिची ती गाठ, जिचं एक टोक ओढलं की सगळं आपोआप सुटतं. ताईने ते मुलीच्या हातात ठेवलं, एक खुर्ची ओढली आणि ऐन हॉलच्या मधोमध तिच्यासमोर बसली.

"उघड बघू," ताई म्हणाली.

मुलीने टोक पकडलंही होतं. बायको लगबगीने आली. "ताई, नंतर उघडू हं आपण, सगळे गेले की," असं म्हणत तिने हलक्या हाताने ते घेतलं आणि आत पलंगावर नेऊन ठेवलं. तिच्या बोलण्यात जराही तोरा नव्हता, ती नियमाला धरून वागली होती. ताई मान हलवून "हो हो, बरोबर" म्हणाली. मग तिने केक खाल्ला, वेफर्स खाल्ले, एका अनोळखी बाळाला मांडीवर घेऊन झोपवलं. शेवटची बस चुकेल म्हणून ती सगळ्यांच्या आधी निघाली. जाताना तिने आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. मी ते पाहिलं, पण तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बायकोने घेतला.

"उघडलं का गं?"

"हो ताई, सकाळीच. खूप आवडलं तिला."

"ते झालं. पण काय केलं तिने?"

 मुलीने ते एकटीनेच उघडलं होतं. बायको तेव्हा स्वयंपाकघरात डबे भरत होती आणि मी झोपलो होतो. आत काचेचा लोलक होता. तो पहिल्यांदा उन्हात धरून आमच्या मुलीने काय केलं, हे या जगात कुणीच पाहिलं नव्हतं.

"खूप आवडलं," बायको पुन्हा म्हणाली. पलीकडून ताई "बरं, बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या वर्षी ताईने पार्टीला येणार नाही असं कळवलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं. मला वाईट वाटलं. ती रुसली असेल, अशी शंकाही आली. आणि मग पार्टी होऊन बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी, मी तापाने घरी पडलो होतो तेव्हा, बेल वाजली. दारात ताई. हातात खाकी पुडकं.

"आज सप्तमी," ती म्हणाली. "आज हिचा वाढदिवस."

त्या दुपारचं मला जे आठवतं ते तापातून आठवतं, त्यामुळे सगळ्याच्या कडा जरा मऊ आहेत. पडदा हलत होता. डिसेंबरातलं उतरतं ऊन फरशीवर लांब पसरलं होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मुलगी शाळेच्या गणवेशातच पाटावर बसली होती, पायमोजे न काढता. ताईने निरांजन लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. केसांत अडकलेला एक दाणा मुलगी डोळे वर करून बघायचा प्रयत्न करत होती. मग ताईने पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं, स्वतः फरशीवर तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "उघड."

मुलीने टोक ओढलं. गाठ सुटली, सुतळी गळून पडली, कागद स्वतःच हळूहळू उलगडत गेला. आत लोहचुंबक होतं.

मुलगी ते घेऊन उठली आणि घरभर फिरली. कपाटाला लावून पाहिलं, खिडकीच्या गजांना, माझ्या पलंगाच्या पायाला, देवघरातल्या घंटेला. घंटेने दाद दिली नाही तेव्हा तिने घंटेकडे असं पाहिलं जणू ती मुद्दाम ऐकत नाहीये. शेवटी तिने ते आत्याच्या गालाला लावलं आणि वाट पाहत राहिली. ताई हललीसुद्धा नाही. तिचे डोळे त्या पोरीच्या चेहऱ्यावर होते आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी तिच्या इतक्या वर्षांच्या सहवासात पाहिलं नव्हतं. मी पांघरुणातून बघत होतो. मला खूप शांत वाटलं, आणि मला झोप लागली.

ताई निघाली तोवर बायको ऑफिसातून आलेली होती. ताईला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून तिची तारांबळ उडाली. घरात होतं ते पार्टीतलं उरलेलं रिटर्न गिफ्ट, गुलाबी कंपासपेटी, झाकणावर पंखवाला घोडा. बायकोने ती संकोचतच पुढे केली. ताईने दोन्ही हातांनी घेतली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती आपला चष्मा त्या पंखवाल्या घोड्याच्या पेटीत ठेवायची.

अशी ती सप्तमी सुरू झाली आणि दरवर्षी येत राहिली. एका वर्षी आत शिट्टी होती, एकदा कुलपं नसलेल्या किल्ल्यांचा जुडगा, एकदा शिंप्याची मोजपट्टी, जी घेऊन मुलीने सबंध घर मोजलं आणि मला सांगितलं की मी दारापेक्षा लहान आहे पण फ्रिजपेक्षा मोठा. पार्टीतल्या गिफ्टांचं काय झालं ते विचाराल तर मला एकही धड आठवत नाही. त्या दुपारी मात्र सगळ्या आठवतात. ऑफिसातून अर्धी रजा काढून मी घरी येऊ लागलो. काही करायचं नसे. फक्त बसायचं आणि गाठ सुटताना बघायचं.

एकदा मी ताईला विचारलं, "तुला एवढं काय असतं गं त्या उघडण्यात?"

ती सुतळी बोटांवर गुंडाळत होती. सुतळी ती परत न्यायची. म्हणाली, "अरे, नोकरीभर मी काय केलं? घड्याळं खोक्यात भरली. आमच्या खात्यात येईपर्यंत घड्याळ तयार, मग मी कागद घालायचा, खोकं बंद करायचं, सुतळी बांधायची. पुढे ते कुणाच्या घरी जातं, कोण उघडतं, उघडल्यावर काय म्हणतं, काही कळायचं नाही. नुसतं बंद, बंद, बंद. मला वाटायचं, एकदा तरी समोर बसून बघावं." मग ती हसली. "आता बघते. तुझं काय जातं?"

 ती घड्याळांची खोकी भरूनच तिने मला मोठं केलं होतं, आणि मी तिच्यासमोर बसून कधी काही उघडलं होतं की नाही, ते मला आठवेना.

मुलगी दहा-अकरा वर्षांची असताना एका सप्तमीला तिने विचारलं, "आत्या, तुझा वाढदिवस कधी असतो?"

"शाळेत मास्तरांनी एक जून लावून दिलाय. गावातल्या सगळ्या पोरांना तोच."

"खोटा नाही, खरा. तिथीचा."

"आई सांगायची, आंबे संपत आले होते आणि म्हैस नुकती व्याली होती."

"मग तिथी कोणती?"

"ते त्या म्हशीलाच विचारायला पाहिजे," ताई म्हणाली. आम्ही सगळे हसलो. मुलगी हसली नाही. तिला ही गोष्ट अन्यायाची वाटली असावी. आपल्याला दोन आणि आत्याला एकही नाही.

वर्षं गेली. विक्रोळीचा तो कारखाना बंद होऊन तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. मुलीच्या पार्ट्यांतले फुगे गेले, मित्रमैत्रिणी आल्या, खोलीचं दार बंद होऊ लागलं. पण सप्तमीला ती घरी असायची. कॉलेजातून यायची, पाठीवरची बॅग टाकायची आणि मुकाट पाटावर बसायची. ताईचे गुडघे आता खरोखरच दुखत होते, म्हणून ती खुर्चीत बसायची.

आणि मग एकोणिसावा वाढदिवस आला.

ज्यांच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असतं त्यांना ठाऊक असतं की एकोणिसाव्या वर्षी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात. इतकी वर्षं मागे-पुढे भटकून तो दुसरा वाढदिवस पहिल्याच्या चौकटीत येऊन बसतो. मी कॅलेंडरचं पान उलटलं तेव्हा मला ते दिसलं. तारीख आणि खाली बारीक अक्षरांत सप्तमी. मला आधी गंमत वाटली आणि मग आठवलं. त्याच संध्याकाळी मुलीचे कॉलेजातले सगळे जण घरी यायचे होते.

दोन दिवस आधी ताईचा फोन आला. मी स्पीकरवर लावला होता.

"यंदा मी येत नाही रे. तुमच्याकडे पार्टी आहे. पार्टीत कोण उघडतं?"

"ताई, तू दुपारी ये ना, आधी."

"नको. दोन बसा बदलायच्या, गुडघा ऐकत नाही. आणि ती काय आता लहान आहे? झालं की इतकी वर्षं. पुरे आता." तिचा आवाज अगदी साधा होता. "पुडकं बांधून ठेवलंय. सवडीने घेऊन जा. सावकाश उघडू दे तिला."

ती नुसतं यंदाचं बोलत नव्हती, हे मला कळलं. ती सप्तमी कायमची बंद करत होती, कागद घालून, कडा खोचून. मला तिची समजूत घालता येईना. रिक्षाने ये म्हटलं, मी घ्यायला येतो म्हटलं. ती "बघू" म्हणाली, आणि ताईचं बघू म्हणजे नाही.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती कॅलेंडरपाशी गेली आणि बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिली.

"बाबा, म्हणजे एक उरला की," ती म्हणाली.

"काय उरलं?"

"वाढदिवस. मला दरवर्षी दोन लागतात ना? यंदा एकातच दोन्ही झाले. मग दुसरा शिल्लक राहिला." ती माझ्याकडे वळली. "तो आत्याला देऊया. तिच्याकडे नाहीच आहे."

 बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "निरांजन मी घेते. आणि सुपारी आठवणीने घ्या रे, त्यांच्याकडे नसेल."

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं विक्रोळीला गेलो. ताईने दार उघडलं ते चष्मा शोधत. आम्हाला बघून ती आधी घाबरली, काय झालं म्हणून. मुलगी म्हणाली, "आत्या, आज सप्तमी. आज तुझा वाढदिवस."

"माझा कुठला? तुझा ना?"

"माझा संध्याकाळी आहे. दुपारचा तुझा."

ताईला खुर्चीत बसवलं. खिडकीतून खाडीचा वारा येत होता, त्यात चिखलाचा ओळखीचा वास होता, दूर तिवरांवर ऊन मुरलं होतं. बायकोने ओवाळलं. निरांजनाचा उजेड ताईच्या चेहऱ्यावरून वर-खाली फिरला. आयुष्यात तिला असं कुणी ओवाळलं असेल ते आईनेच, आणि ते मला आठवत नाही. बायकोने तिच्या केसांवर अक्षता टाकल्या आणि खाकी कागदातलं एक पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. कडा खोचलेल्या, वर सुतळी, सुतळीला तीच गाठ. मुलीला ती कधी जमायला लागली, कोण जाणे.

"ताई, उघडा ना," बायको म्हणाली.

आणि ताईने पुडक्यावर दोन्ही हात ठेवले, ते पोटाशी ओढून घेतलं आणि लाजून म्हणाली, "नंतर बघते ना. घाई काय आहे? तुम्ही चहा घ्या आधी."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.  मुलगी ताईसमोर फरशीवर मांडी घालून बसली, चेहरा वर करून, आणि वाट पाहू लागली.

ताईचे हात गाठीपाशी गेले आणि घोटाळले. या गाठी तिने किती मारल्या असतील, पण त्या सोडल्या नेहमी दुसऱ्यांनी. मग तिने टोक ओढलं. सुतळी गळून पडली आणि कागद हळूहळू उलगडला. आत लहान मुलांचा शोभादर्शक होता, जत्रेत मिळतो तसा, नळीला रंगीत कागद लावलेला.

ताईने तो डोळ्याला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. "अगं बाई," ती म्हणाली. नळी जरा फिरवली. "अगं बाई गं."  तिचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं, दुसरा डोळा घट्ट मिटलेला, कपाळावरच्या कुंकवाचे दोन-चार कण नाकावर पडलेले. आम्ही तिथे आहोत हे ती विसरून गेली. मुलगी पापणी न हलवता तिच्याकडे बघत होती. चहा करायला कुणीच उठलं नाही.

निघताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी आतला सगळा थाट पाहिला असावा. विचारलं, "वाढदिवस होता वाटतं ताईंचा? काय दिलंत?"

बायको दोन पायऱ्या उतरून थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "काय दिलं ते राहू द्या हो. त्यांनी उघडल्यावर काय केलं, ते सांगते." आणि घरी पार्टीची सगळी तयारी तशीच पडलेली असताना, जिन्यात उभं राहून, ती त्यांना पहिल्यापासून सांगत बसली.